सुपरनोव्हा सापडतात, ओळख पटते का?

ताऱ्याच्या अंतिम स्फोटाला सुपरनोव्हा म्हणतात. या विषयाशी कोल्हापूर जिल्ह्याचे नाते दुहेरी आहे. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला १९५६ मध्ये जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत एकापाठोपाठ एक दोन सर्वेक्षणे उभी केली आणि दूरच्या दीर्घिकांमधले सुपरनोव्हा हजारोंनी सापडू लागले. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी सुपरनोव्हांवरून विश्वाबद्दल काढलेल्या सर्वांत गाजलेल्या निष्कर्षाची उलटतपासणी केली. एकाने पुरावा गोळा करण्याची व्यवस्था बांधली. दुसऱ्याने त्या पुराव्यातून नेमके किती सिद्ध होते, असा प्रश्न लावून धरला.

या दोन कामांच्या मधोमध वर्गीकरणाचा मुद्दा येतो. दूरच्या दीर्घिकेत नवा ठिपका दिसणे ही आता दर रात्रीची बाब झाली आहे. तो ठिपका कोणत्या प्रकारच्या स्फोटाचा, हे कोणी, कशाच्या आधारे आणि किती खात्रीने सांगायचे, यावर मात्र एकमत झालेले नाही. या लेखात त्या वादाची पार्श्वभूमी, आजची कार्यपद्धती, मुख्य मते आणि अनिर्णित राहिलेले मुद्दे क्रमाने मांडले आहेत.

पाहुण्या ताऱ्यांपासून प्रकारांपर्यंत

इ.स. १०५४ मध्ये वृषभ राशीत प्रखर तारा दिसला. चिनी निरीक्षकांनी त्याची ‘पाहुणा तारा’ अशी नोंद केली. त्याचे अवशेष आज क्रॅब तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. भारतीय वाङ्मयात या घटनेची नोंद आहे का, याचा शोध नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी घेतला आणि २००१ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद हाती लागली नाही. पुढे १५७२ मध्ये शर्मिष्ठेत आणि १६०४ मध्ये भुजंगधारीत असे तारे दिसले. पहिल्यावर टायको ब्राहेने आणि दुसऱ्यावर केप्लरने सविस्तर लिहिले. दोन्ही आपल्याच आकाशगंगेतले होते. त्यानंतर आकाशगंगेतला एकही सुपरनोव्हा इतक्या स्पष्टपणे नुसत्या डोळ्यांनी पाहिला गेलेला नाही. त्यामुळे अभ्यासकांना इतर दीर्घिकांकडे वळावे लागले.

देवयानी दीर्घिकेत १८८५ मध्ये दिसलेला तारा हे त्याचे पहिले उदाहरण. तो साधा नवतारा नव्हता, हे कळायला मात्र दीर्घिकांची अंतरे मोजता येईपर्यंत थांबावे लागले. १९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा घटनांचा वेगळा वर्ग मांडला आणि त्यातून न्यूट्रॉन तारा उरत असावा, असे भाकीत केले. झ्विकीने १९३६ पासून पालोमारला १८ इंची श्मिट दुर्बिणीने पद्धतशीर शोध सुरू केला. त्याच्या नावावर हयातभरात सुमारे १२० सुपरनोव्हा जमा झाले.

वर्गीकरणाची सुरुवात १९४१ मध्ये रुडॉल्फ मिंकोव्स्कीने केली. त्याच्यापुढे अवघ्या १४ सुपरनोव्हांचे वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरवलेला प्रकाश, होते. त्यातले नऊ एकमेकांसारखे होते आणि त्यांत हायड्रोजनच्या खुणा नव्हत्या. त्यांना त्याने टाइप १ म्हटले. उरलेल्या पाचांत हायड्रोजन होता. ते टाइप २ झाले. ही नावे तात्पुरती आहेत, असे त्याने स्वतःच नमूद केले होते. ऐंशी वर्षांनंतरही तीच चालू आहेत.

१९८० च्या दशकात टाइप १ची फोड झाली. वर्णपटात सिलिकॉनची ठळक खूण असेल तर १ए. सिलिकॉन नाही पण हेलियम आहे, तर १बी. दोन्ही नसतील तर १सी. टाइप २ मध्येही ज्यांचे तेज सुमारे शंभर दिवस एका पातळीवर टिकते ते २पी आणि ज्यांच्या रेषा अरुंद असतात ते २एन, असे उपप्रकार आले. १९८० आणि ९० च्या दशकांत स्फोटांमागची भौतिक कारणेही स्पष्ट होत गेली. १ए हा श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याचा, अणुऊर्जेने झालेला संपूर्ण विध्वंस मानला जातो. बाकीचे मुख्य प्रकार म्हणजे सूर्याच्या साधारण आठपटींहून जड ताऱ्याचा गाभा कोसळून होणारे स्फोट. म्हणजे १बी आणि १सी यांना नाव टाइप १चे मिळाले, तरी जन्मकारणाने ते टाइप २चे सख्खे भाऊ ठरले. पुढच्या अनेक मतभेदांची सुरुवात या विसंगतीपासून होते.

एका ठिपक्याची तपासणी

आज सुपरनोव्हा कसा सापडतो आणि त्याला नाव कसे मिळते, हे पायरीपायरीने पाहिले म्हणजे वाद कुठे उभा राहतो ते कळते.

दुर्बीण आकाशाच्या एका तुकड्याचे चित्र घेते. संगणक त्यातून त्याच तुकड्याचे जुने संदर्भचित्र वजा करतो. बदल नसलेले सगळे पुसले जाते आणि काही ठिपके उरतात. त्यांतले बहुसंख्य निरुपयोगी असतात: कॅमेऱ्यावर आदळलेला वैश्विक किरण, उपग्रहाची रेघ, वजाबाकीत नीट न जुळलेला तेजस्वी तारा. प्रत्येक ठिपक्याला खरा की खोटा, याचे शून्य ते एक दरम्यान गुण देण्याचे काम आता यंत्रशिक्षणावर चालणाऱ्या आज्ञावल्या करतात.

खऱ्या ठिपक्यांमध्येही लघुग्रह असतात. म्हणून काही वेळाने तीच जागा पुन्हा टिपतात. लघुग्रह तोवर सरकलेला असतो. मग याद्या चाळायच्या. त्या जागी आधीपासून चंचल तारा नोंदलेला आहे का? ठिपका दीर्घिकेच्या नेमक्या केंद्रात आहे का? तसे असेल तर तिथल्या कृष्णविवराभोवतीचा वायू चमकला असण्याची शक्यता राहते. या चाळणीतून उरलेला ठिपका आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या नामनोंदणी सेवेकडे कळवला जातो. २०१६ च्या आरंभापासून हीच अधिकृत पद्धत आहे. तिथे त्याला ‘एटी’ हा उपसर्ग, वर्ष आणि अक्षरे मिळतात. एटी म्हणजे क्षणिक खगोलीय घटना. याहून अधिक दावा त्यात नसतो. वर्णपट घेऊन प्रकार कळवल्यावरच ‘एटी’ जाऊन ‘एसएन’ लागते.

वर्णपट वाचण्याचेही एक तंत्र आहे. टाइप १ए ची खूण असलेली सिलिकॉनची रेषा प्रयोगशाळेत ६३५५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला येते. स्फोटात उडालेले द्रव्य सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत असल्याने ती ६१५० च्या आसपास सरकलेली दिसते. त्यात दीर्घिका स्वतः आपल्यापासून दूर जात असते. त्यामुळे रेषा तांबड्या बाजूला सरकते, याचे माप म्हणजे ताम्रसृती; ती ०.०३ असेल तर तीच रेषा पुन्हा ६३३५ च्या जवळ जाऊन बसते. दीर्घिकेची ताम्रसृती माहीत नसेल, तर एका मूलद्रव्याची रेषा दुसऱ्याची वाटू शकते. शिवाय स्फोटाचे वय बदलते तसा वर्णपट बदलतो. म्हणून मिळालेला वर्णपट जुन्या, ओळख पटलेल्या सुपरनोव्हांच्या वेगवेगळ्या दिवसांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. उत्तर ‘हाच’ असे क्वचितच येते. बहुधा ‘याच्याशी सर्वांत जास्त जुळते’ असे येते.

या प्रक्रियेत पहिला भाग वेगवान आणि स्वस्त झाला, दुसरा झाला नाही. चित्रात एका वेळी हजारो दीर्घिका येतात. वर्णपट मात्र एकेका ठिपक्याचा घ्यावा लागतो. आज वर्षाला वीस हजारांहून अधिक ठिपके कळवले जातात आणि त्यातल्या साधारण दहाव्या हिश्श्यालाच वर्णपट मिळतो.

कुरुंदवाड ते पालोमार

ही कोंडी आधी ओळखणाऱ्यांत कुलकर्णी होते. पटवर्धनांच्या जुन्या संस्थानी गावात जन्म, हुबळीत शालेय शिक्षण, मग आयआयटी दिल्ली आणि बर्कली असा प्रवास करून ते कॅल्टेकमध्ये स्थिरावले. १९८२ मध्ये विद्यार्थिदशेतच पहिल्या मिलिसेकंद पल्सारच्या (अतिवेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या) शोधात त्यांचा वाटा होता. १९९८ मध्ये एसएन १९९८बीडब्ल्यू या १सी वर्गातल्या असाधारण सुपरनोव्हाचे रेडिओ निरीक्षण त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले. गॅमा किरणांच्या स्फोटाशी नाते जोडल्या गेलेल्या या घटनेत द्रव्य प्रकाशाच्या वेगाच्या जवळ फेकले गेल्याचे त्यातून दिसले.

२००९ मध्ये त्यांनी पालोमार ट्रान्झिएंट फॅक्टरी (पीटीएफ) सुरू केली. नावातला ‘फॅक्टरी’ शब्द योग्य होता. एक दुर्बीण शोधणार, दुसरी रंग आणि तेज मोजणार, मोठ्या दुर्बिणी वर्णपट घेणार, अशी कामाची साखळी होती. तिची पुढची पिढी म्हणजे २०१८ पासून चालू असलेली झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीवरचा तिचा कॅमेरा एका दमात ४७ चौरस अंश आकाश टिपतो. पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र त्यात मावतील. तीस सेकंदांचे एक चित्र घेत ती दोन-तीन रात्रींत दिसणारे सगळे उत्तर आकाश पालथे घालते. त्याच डोंगरावरच्या ६० इंची दुर्बिणीला खास वर्गीकरणासाठी बनवलेला वर्णपटलेखक जोडला आहे. त्याचे पृथक्करण मुद्दाम कमी ठेवलेले आहे, कारण सुपरनोव्हाच्या रेषा वेगामुळे मुळातच रुंद असतात. बारीक तपशील सोडायचा आणि जास्त ठिपक्यांना नाव द्यायचे, असा हा सौदा.

२०२४ च्या अखेरीस या सर्वेक्षणाने वर्गीकृत केलेल्या सुपरनोव्हांची संख्या १०,००० च्या पुढे गेली. त्याच वर्षी कुलकर्णींना शॉ पारितोषिक मिळाले आणि त्यात या दोन सर्वेक्षणांच्या उभारणीचा गौरव होता. ठिपक्यांच्या छाननीसाठी यंत्रशिक्षण वापरण्याच्या कामात पुण्यात घडलेल्या आणि कॅल्टेकमध्ये असलेल्या आशिष महाबळ यांचा वाटा आहे.

पहिला मतभेद: दिसते ते नाव की घडले ते नाव?

एक मत असे की वर्गीकरण दिसणाऱ्या खुणांवरच राहावे. वर्णपटात हायड्रोजन आहे की नाही, हे कोणीही पुन्हा तपासू शकतो. सिद्धान्त बदलले तरी नोंद टिकते. मिंकोव्स्कीची नावे आठ दशके तरली, ती याच कारणाने.

दुसरे मत असे की खुणा वरवरच्या असतात. ताऱ्याने मरण्याआधी आपला हायड्रोजनचा थर किती उधळला, एवढ्यावर नाव बदलत असेल, तर ते नाव ताऱ्याच्या मरणाबद्दल फारसे सांगत नाही. या मताच्या बाजूने उदाहरणे भरपूर आहेत. एम ८१ दीर्घिकेतला एसएन १९९३जे आधी हायड्रोजन दाखवत होता. काही आठवड्यांत हेलियम वरचढ झाला. त्यातून ‘२बी’ हा दुवा साधणारा प्रकार पक्का झाला. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने पुढे त्याच सुपरनोव्हाचा अभ्यास केला. ताऱ्याने आधी सोडलेल्या वायूवर स्फोटाचा धक्का आदळताना काय होते, हे रेडिओ लहरींतून कळते.

एसएन २००६जीवाय चे उदाहरण जास्त अडचणीचे आहे. अरुंद हायड्रोजन रेषा आणि विलक्षण तेज यांमुळे तो २एन समजला गेला आणि अतिशय जड ताऱ्याचा अंत म्हणून गाजला. २०२० मध्ये त्याच्या उशिराच्या वर्णपटात लोहाच्या खुणा ओळखून, हा वायूच्या कवचात झालेला टाइप १ए स्फोट असावा, असे मांडले गेले. हायड्रोजन होता, पण तो फुटणाऱ्या ताऱ्याचा नव्हे, भोवतालचा. कुलकर्णींच्या सर्वेक्षणाला २०१४ मध्ये सापडलेला आयपीटीएफ १४एचएलएस वर्णपटाने साधा २पी होता. असे सुपरनोव्हा शंभर दिवसांत मावळतात; हा सहाशे दिवसांहून अधिक काळ चमकत राहिला आणि त्याचे तेज अनेकदा वरखाली झाले. प्रकार बरोबर, वागणे भलतेच.

तिसरी, मधली वाट म्हणजे दोन स्तरांचे नाव: आधी निरीक्षणाचे, मग पुरावा पुरेसा असल्यास कारणाचे. व्यवहारात बहुतेक गट असेच वागतात. तरी नवे उपप्रकार वाढतच आहेत. अरुंद हेलियम रेषांचा १बीएन, कार्बन-ऑक्सिजनचा १सीएन आणि २०२५ मध्ये मांडला गेलेला १ईएन. हा शेवटचा प्रकार एसएन २०२१वायएफजे वरून आला. त्याच्या वर्णपटात सिलिकॉन, गंधक आणि अरगॉन होते, म्हणजे तारा फुटण्याआधी जवळजवळ गाभ्यापर्यंत सोलला गेला होता. एका उदाहरणावरून प्रकार बनवावा का, हा प्रश्न इथे रास्तपणे विचारला जातो.

दुसरा मतभेद: टाइप १ए कशातून जन्मतो?

टाइप १ए वर सर्वांत जास्त भिस्त आहे, आणि त्याचा उगमच पूर्णपणे ठरलेला नाही. श्वेतबटूला सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची मर्यादा असते, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी दाखवले. त्या मर्यादेजवळ तो कसा पोहोचतो, यावर दोन मुख्य मते आहेत. एका मतानुसार तो जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो. दुसऱ्या मतानुसार दोन श्वेतबटू एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि एकत्र होतात. अलीकडे तिसरे मतही बळावले आहे: श्वेतबटूच्या पृष्ठभागावरचा हेलियमचा थर आधी पेटतो आणि त्याच्या धक्क्याने आतला गाभा फुटतो. त्यासाठी मर्यादा गाठण्याचीही गरज नसते.

पालोमारच्या सर्वेक्षणाने यात दोन्ही बाजूंना पुरावा पुरवला. २४ ऑगस्ट २०११ रोजी सप्तर्षीतल्या एम १०१ दीर्घिकेत, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर, एसएन २०११एफई सापडला, तोही स्फोटानंतर अर्धा दिवस उलटण्याआधी. पहिल्या तासांच्या निरीक्षणांवरून फुटलेल्या वस्तूची त्रिज्या सूर्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहून कमी असल्याचे निघाले. म्हणजे तो श्वेतबटू असावा, हे जवळपास पक्के झाले. हबल दुर्बिणीच्या जुन्या चित्रांत त्या जागी लाल राक्षसी जोडीदार दिसला नाही. पहिल्या मताला हा धक्का होता. पण त्याच वर्षीच्या पीटीएफ ११केएक्स भोवती वायूची कवचे सापडली आणि ती लाल राक्षसी ताऱ्याच्या जोडीकडे बोट दाखवत होती. २०१५ मध्ये आयपीटीएफ १४एटीजी मधून आलेला अतिनील झोत, स्फोटाचे द्रव्य जोडीदारावर आपटल्याने निघाला, असे कुलकर्णींच्या गटाने मांडले. हा सुपरनोव्हा सामान्य १ए पेक्षा वेगळा होता, म्हणून तो सगळ्यांना लागू होतो का, यावर शंका घेतली गेली. २०२५ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघातल्या एका जुन्या अवशेषात कॅल्शियमची दोन कवचे दिसली. ती दुहेरी स्फोटाच्या मताला अनुकूल आहेत.

आजचा सावध निष्कर्ष असा की एकाच नावाखाली एकाहून अधिक वाटांनी आलेले स्फोट असावेत. कोणत्या वाटेचे प्रमाण किती, हे ठरलेले नाही.

तिसरा मतभेद: विश्वाचा वेग

टाइप १ए ची महती अंतरमापनात आहे. मार्क फिलिप्सने १९९३ मध्ये दाखवले की जो हळू मावळतो, तो मुळात अधिक तेजस्वी असतो. म्हणजे मावळण्याच्या वेगावरून खरे तेज आणि दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. १९९८-९९ मध्ये दोन गटांना दूरचे १ए अपेक्षेपेक्षा मंद आढळले. विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे, असा अर्थ त्यांनी लावला. कारण म्हणून कृष्णऊर्जा पुढे आली आणि २०११ चे नोबेल पारितोषिक या शोधाला मिळाले.

नारळीकरांचा आक्षेप निरीक्षणांवर नव्हता, अर्थावर होता. आंबा घाटात धुक्यात समोरच्या गाडीचा दिवा मंद दिसला, तर गाडी लांब आहे की धुके दाट आहे, हे नुसत्या मंदपणावरून सांगता येत नाही. जेफ्री बर्बिज, राम गोपाल विश्वकर्मा आणि इतरांसोबत २००० ते २००२ च्या सुमारास त्यांनी मांडले की दीर्घिकांमधल्या पोकळीत धातूच्या बारीक सुयांसारखी धूळ असेल, तर दूरचे सुपरनोव्हा मंद दिसतील. नेहमीची धूळ प्रकाश लालसर करते. या सुया सगळ्या रंगांना जवळपास सारखेच अडवतील, म्हणून रंगावरून त्या पकडता येणार नाहीत. ही धूळ सुपरनोव्हांतून उडालेल्या धातूंच्या वाफेपासून बनते, असेही त्यांचे म्हणणे होते. फ्रेड हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेल्या अर्धस्थिर विश्वाच्या प्रतिकृतीत ही कल्पना बसत होती.

बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. २००१ मध्ये तपासलेला एसएन १९९७एफएफ हा अतिदूरचा सुपरनोव्हा धुळीच्या साध्या हिशेबापेक्षा तेजस्वी निघाला. शिवाय वैश्विक सूक्ष्मलहरींची पार्श्वभूमी आणि दीर्घिकांच्या मांडणीतले ठरावीक अंतर या वेगळ्या वाटांनीही कृष्णऊर्जेच्याच बाजूने कौल आला. मे २०२५ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत नारळीकर प्रचलित प्रतिकृतीचे टीकाकार राहिले. वेगळ्या दिशेने सुबीर सरकार आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, केवळ सुपरनोव्हांच्या आधारे वेगवाढीचा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही, असे सांख्यिकी विश्लेषण मांडले. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेप घेतले.

ताजा प्रश्न वेगळा आहे: कृष्णऊर्जा काळानुसार बदलते का? दीर्घिकांची मांडणी मोजणाऱ्या डेसी प्रकल्पाची २०२५ मधील मोजमापे आणि सुपरनोव्हांचे संच एकत्र केल्यावर तसे संकेत मिळाले. कोणता संच घ्यावा त्याप्रमाणे संकेताची ताकद २.८ ते ४.२ सिग्मा (सांख्यिकी खात्रीचे माप) अशी बदलते. नवा शोध मान्य करायला सहसा ५ सिग्मा लागतात. सुपरनोव्हांची निवड, मोजणी आणि वर्गीकरण कसे केले, याचे पडसाद आता थेट विश्वशास्त्रापर्यंत उमटतात, ते असे. डार्क एनर्जी सर्व्हेच्या संचातले १,६३५ सुपरनोव्हा वर्णपटाने नव्हे, तेजाच्या चढउतारावरून १ए ठरवलेले आहेत. उलट झ्विकी सर्वेक्षणाने २०२५ मध्ये खुला केलेला ३,६२८ चा संच जवळच्या अंतरावरचा, पण वर्णपटाने तपासलेला आहे.

चौथा मतभेद: माणूस किती, यंत्र किती?

ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट इव्हान्स दीर्घिकांची रूपे पाठ ठेवत आणि डोळ्याने नवा तारा हेरत; त्यांनी अशा रीतीने चाळीसहून अधिक सुपरनोव्हा शोधले. आज दुसऱ्या टोकाला बीटीएसबॉट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या प्रणालीने एसएन २०२३टीवायके हा सुपरनोव्हा हेरला, त्याचा वर्णपट मागवला आणि दुसऱ्या आज्ञावलीने त्याला १ए ठरवले. मधे माणूस नव्हता. १ए ओळखणाऱ्या त्या आज्ञावलीची चुकीची खूण पटवण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असल्याचे तिच्या निर्मात्यांनी दाखवले आहे.

समर्थकांचे म्हणणे सरळ आहे: नेहमीची प्रकरणे यंत्राने निकालात काढली, तर माणसांचा वेळ विचित्र प्रकरणांना मिळेल. सावध बाजूचा मुद्दा असा की यंत्र जुन्या नमुन्यांवर शिकते. जे कधी दिसलेच नाही, त्याला ते ओळखीच्या खणात टाकण्याचा धोका आहे. शिवाय जुने नमुनेच एकांगी आहेत. एका मर्यादेपेक्षा तेजस्वी सुपरनोव्हा मोजले तर त्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास १ए निघतात. पण ठरावीक आकारमानाच्या अवकाशातले सगळे मोजले, तर दर चारांमागे जेमतेम एक. मंद स्फोट नजरेतून निसटतात, म्हणून ते शिकवणीतही कमी येतात.

हौशी निरीक्षकांची जागाही संपलेली नाही. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांनी एम १०१ मध्येच एसएन २०२३आयएक्सएफ शोधला. स्वयंचलित सर्वेक्षणांची त्या दीर्घिकेवर नजर असूनही पहिली वर्दी त्यांची होती.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने हा वाद तातडीचा केला. ८.४ मीटर आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्या या दुर्बिणीची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याकडून रात्रीला एक कोटीपर्यंत बदलांच्या सूचना अपेक्षित आहेत आणि दहा वर्षांत सुपरनोव्हांची संख्या लाखांच्या घरात जाईल. त्यांतले बहुतेक इतके मंद असतील की वर्णपट मिळणारच नाही.

भारताचे रेखांश आणि दुर्बिणी

स्फोटाच्या पहिल्या तासांना जे महत्त्व आहे, त्यामुळे भारताच्या स्थानाला किंमत येते. कॅलिफोर्नियात दिवस उजाडतो तेव्हा आपल्याकडे रात्र सुरू होत असते. तिथे सापडलेला ठिपका इथे लगेच पाहता येतो. याच विचाराने लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण २०१८ मध्ये सुरू झाली. आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था तिचे काम पाहतात. मुंबईच्या बाजूने वरुण भालेराव यांचा पुढाकार राहिला. शेजारीच दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. एसएन २०२३आयएक्सएफ चा पाठपुरावा या दोन्ही दुर्बिणींनी आणि अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाने केला. उत्तराखंडात देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे. महाराष्ट्रात जीएमआरटीबरोबरच गिरवलीला पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर दुर्बीण २००६ पासून आहे. मात्र सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते. प्रकाशीय निरीक्षणांचे केंद्र लडाखकडे सरकले, यामागचे हे एक कारण.

ठरलेले आणि न ठरलेले

काही गोष्टी आता वादाबाहेर आहेत. टाइप १ए श्वेतबटूचे स्फोट असतात आणि इतर मुख्य प्रकार गाभा कोसळल्याने होतात. शोधण्याचे काम यंत्रांकडे गेले आहे. वर्णपट हा अजूनही ओळखीचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे.

न ठरलेल्या बाबी चार. नावात निरीक्षण आणि कारण यांची सांगड कशी घालायची. टाइप १ए च्या वेगवेगळ्या उगमांचे प्रमाण किती, आणि ते विश्वाच्या वयानुसार बदलत असेल तर अंतरांच्या हिशेबात किती चूक शिरते. वर्णपटाशिवाय ठरवलेल्या प्रकारांवर विश्वशास्त्राने कितपत विसंबावे. आणि यंत्राला अनोळखी स्फोट अनोळखी म्हणून बाजूला ठेवायला कसे शिकवावे.

यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांवर काम करायला मोठी दुर्बीण हवीच असे नाही. झ्विकी सर्वेक्षणाच्या सूचना खुल्या आहेत, नामनोंदणी सेवेच्या नोंदी कोणालाही पाहता येतात आणि संच उतरवून घेता येतात. सांख्यिकी आणि संगणनाची तयारी असलेला विद्यार्थी कोल्हापुरात बसून वर्णपटाशिवाय दिलेले प्रकार वर्णपट मिळाल्यावर किती टिकले, याची तपासणी करू शकतो. पुढच्या दशकातल्या वर्गीकरणावर किती भरवसा ठेवायचा, हे अशा तपासण्यांवरूनच ठरेल.